एक्सेलच्या मॅक्रोत ‘आय’ चुकीच्या जागी जाहीर केला, की दहापैकी नऊ नावं गायब होतात! असं का होतं?

बऱ्याच ऑफिसांमध्ये कुणीतरी कधीकाळी लिहून ठेवलेला एक्सेलचा मॅक्रो असतो. बटण दाबायचं आणि काम उरकायचं, आत काय आहे ते कुणी बघत नाही. समजा, असाच एक मॅक्रो दहा कर्मचाऱ्यांच्या वर्षभराच्या पगाराचा तक्ता काढतो. एक दिवस त्यात किरकोळ बदल होतो. बटण दाबलं, एरर काही आली नाही, पण तक्त्यात नाव एकच!

बाकीचे नऊ जण गेले कुठे? याचं उत्तर ‘आय’ या एका अक्षरात आहे.

मॅक्रोची भाषा म्हणजे व्हीबीए. ती बेसिक घराण्यातली. मूळ बेसिक अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी तयार केली, आणि १ मे १९६४ रोजी तिचा पहिला प्रोग्राम चालला. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा हेतू. म्हणून तिथे साधा आकडा ठेवायला आधी काही जाहीर करावं लागत नसे. ‘फॉर आय = १ टू १०’ लिहायचं, खाली काम सांगायचं, शेवटी ‘नेक्स्ट आय’. झाला लूप तयार! ‘आय’ हा मोजणी करणारा, म्हणजे काउंटर. प्रोग्राम एवढेसे असत, त्यामुळे तो कुठे जन्मला आणि कुठे संपला याची फिकीर कुणाला नव्हती.

पुढे प्रोग्राम वाढले आणि व्हेरिएबल आधी जाहीर करायची शिस्त आली. त्यासाठीचा शब्द ‘डिम’. गंमत म्हणजे हा ‘डायमेन्शन’चा संक्षेप, आणि मूळ बेसिकमध्ये तो फक्त यादीचा आकार सांगायला होता!

आता पुन्हा त्या तक्त्याकडे. मॅक्रोचे दोन तुकडे आहेत. पहिला १ ते १० मोजत एकेका कर्मचाऱ्याचं नाव लिहितो आणि दुसऱ्याला बोलावतो. दुसरा १ ते १२ मोजत महिन्यांच्या पगाराची बेरीज करतो. दोघांचाही काउंटर ‘आय’. प्रत्येक तुकड्याने आपापला ‘आय’ आत जाहीर केला असता तर काहीच बिघडलं नसतं. पण कुणीतरी एकदाच लिहायचे कष्ट वाचवत तो मॉड्यूलच्या अगदी वर, सगळ्यांसाठी सामाईक म्हणून जाहीर केला. म्हणजे गोदामात दोन हमालांनी एकाच पाटीवर पोती मोजायला घेतली!

काय होतं बघा. पहिलं नाव लिहून झालं. दुसऱ्या तुकड्याने तोच ‘आय’ घेऊन १२ पर्यंत मोजलं. लूप संपताना काउंटर शेवटच्या आकड्याच्या एक पाऊल पुढे जातो, म्हणून ‘आय’ झाला १३. पहिल्या तुकड्याने त्यात एक मिळवला: १४. त्याची मर्यादा तर १०! काम झालं असं समजून तो थांबला. दहाऐवजी पन्नास कर्मचारी असते, तर चौदाव्याचंच नाव पुन्हा पुन्हा येत राहिलं असतं आणि एक्सेल अडकून बसलं असतं. ते एका अर्थी बरं, निदान लक्षात तरी येतं. गुपचूप आलेला चुकीचा तक्ता जास्त धोक्याचा.

एकाच तुकड्यात एकाच्या पोटात दुसरा लूप लिहून दोन्हीकडे ‘आय’ वापरला, तर व्हीबीए लगेच अडवतं. दोन वेगळ्या तुकड्यांत मात्र ते गप्प राहतं.

यावरचा सरळ उपाय बेसिक घराण्याच्या दुसऱ्या शाखेत आला. व्हिज्युअल बेसिक डॉट नेटच्या २००३ च्या आवृत्तीपासून काउंटर लूपच्या ओळीतच जाहीर करता येतो: ‘फॉर आय ॲज इंटिजर = १ टू १०’. वेगळा ‘डिम’ नाही. हा ‘आय’ त्या लूपपुरताच जगतो. ‘नेक्स्ट’नंतर त्याचं नाव घेतलं तर प्रोग्राम चालायच्या आधीच कंपायलर हटकतो. त्याच तुकड्यात बाहेर आधीच एखादा ‘आय’ जाहीर केला असेल, तरीही हटकतो. वर सामाईक ‘आय’ असला, तरी लूप आपलाच वापरतो. वरच्या गोंधळाला जागाच उरत नाही.

पण दरवेळी हे सोयीचं नाही. हजार ओळींत एखादं नाव शोधून ते सापडताच लूप थांबवला, तर ते कितव्या ओळीत मिळालं हे नंतर लागतं. अशा वेळी काउंटर बाहेर जाहीर करणंच योग्य.

व्हीबीएमध्ये ही सोय आजही नाही. तिथे ‘डिम’ लूपच्या आत लिहिला तरी व्हेरिएबल अख्ख्या तुकड्याचाच राहतो. म्हणून मॅक्रो लिहिणाऱ्याने निदान एवढं करावं: काउंटर प्रत्येक तुकड्यात स्वतंत्र जाहीर करावा, लूपच्या लगेच वर. मॉड्यूलच्या पहिल्या ओळीत ‘ऑप्शन एक्सप्लिसिट’ लिहावं, म्हणजे जाहीर न केलेलं नाव लगेच पकडलं जातं. ‘आय’च्या जागी चुकून दुसरंच अक्षर टाइप झालं तर हीच ओळ वाचवते.

आणि प्रकार ‘इंटिजर’ऐवजी ‘लाँग’ ठेवावा. व्हीबीएचा इंटिजर ३२,७६७ च्या पुढे मोजू शकत नाही, आणि एक्सेलच्या एका शीटमध्ये २००७ पासून १०,४८,५७६ ओळी मावतात.