परदेशी शिकाऊ उमेदवारी : उचल देण्याआधी कागद वाचा



मागे एकदा आडसाली लागणीची धांदल चालू असताना एक सभासद गट ऑफिसात आले. लागणीची नोंद झाली, चहा झाला, तरी जाईनात. शेवटी हळूच म्हणाले, "पुढच्या बिलावर काही रक्कम उचलता येईल का? पोरीला अमेरिकेला पाठवायचीय."

मुलगी कृषी अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष संपवून घरी आलेली. तालुक्याच्या गावी एका एजंटाने तिला सांगितलेले, की अमेरिकेत डेअरी फार्मवर एक वर्षाची पगारी इंटर्नशिप आहे. खर्च साडेतीन लाख, पैकी पन्नास हजार आठवड्याच्या आत भरायचे. आम्ही म्हटले, "आण्णा, पैशाचे मागून बघू. आधी कागद दाखवा."

कागद म्हणजे एकच पान. वर विमानाचे चित्र, खाली डॉलरमधला पगार. कामाच्या जागी लिहिलेले, 'फार्मवरील सर्व कामे'. पोरगी काय शिकणार, कोण शिकविणार, तिची जबाबदारी कोणत्या संस्थेवर, याचे अक्षर नाही. तोडणीच्या टोळीसाठी मुकादमाला उचल द्यायची आणि हंगाम आला तरी टोळीचा पत्ता नाही, हा अनुभव आपल्यातल्या पुष्कळांनी घेतला आहे. निदान मुकादमाचे गाव तरी आपल्याला ठाऊक असते!

आज सभासदांची मुले-मुली इंजिनिअरिंग, कृषी, डेअरी, फार्मसी अशा शाखांत शिकत आहेत. सुट्टीत परदेशातील प्रयोगशाळेत वा कारखान्यात काही आठवडे काम शिकावे, असे त्यांना वाटणे योग्यच आहे. म्हणून या विषयाची आम्ही जी माहिती काढली, ती येथे देत आहोत.

कागदावर काय असावे?

अमेरिकेचेच पाहू. तेथे इंटर्न म्हणून जाणाऱ्याला जे-१ प्रकारचा व्हिसा लागतो. त्याची मुदत जास्तीत जास्त १२ महिने. त्यासाठी तेथील परराष्ट्र खात्याने मान्य केलेली प्रायोजक संस्था असावी लागते आणि अशा संस्थांची यादी खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ही संस्था 'डीएस-२०१९' नावाचा दाखला देते. त्याच्या जोडीला 'डीएस-७००२' हा प्रशिक्षणाचा आराखडा असतो. कोणते काम, कोणाच्या देखरेखीखाली, त्यातून काय शिकायचे, हे त्यात लिहून त्यावर विद्यार्थी, प्रायोजक व काम देणारा अशा तिघांच्या सह्या होतात. नुसत्या अकुशल मजुरीला या व्हिसात परवानगी नाही, आणि कारकुनी काम २० टक्क्यांहून अधिक देता येत नाही. आरोग्य विमा सक्तीचा आहे. प्रायोजक संस्था फी घेतात, नाही असे नाही. पण ती लेखी असते व तिची पावती मिळते.

आम्ही त्या मुलीला सांगितले, "बाई, तूच एजंटाला पत्र लिही आणि चार गोष्टी विचार. प्रायोजक संस्था कोणती? आराखडा कुठे आहे? व्हिसा कोणता? विमा कोणाचा?" तिने लिहिले. उत्तर तोंडी आले, "कागद विमानतळावर मिळतील. आधी टुरिस्ट व्हिसावर जायचं, मग बदलून घेऊ." टुरिस्ट व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. पकडली गेली तर पोरगी परत पाठविली जाणार, आणि पुढे व्हिसा मिळणे कठीण होऊन बसणार. पन्नास हजार वाचले. आण्णा मात्र चार दिवस खिन्न होते. "पोरीचं मन मोडलं," म्हणाले.

येथे आणखी एक सांगून ठेवतो. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्याने सरकारी नोंदणी घेतली पाहिजे, असे बंधन १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने घातले. नोंदलेल्यांची नावे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतात. 'नोकरी', 'शिक्षण' आणि 'इंटर्नशिप' हे तीन शब्द जो एका दमात वापरतो, त्याच्यापासून चार हात लांब राहावे.

सरळ वाटाही आहेत

पहिली वाट 'आयेस्टे' या संस्थेची. १९४८ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात दहा युरोपीय देशांनी मिळून ती सुरू केली. तिची रीत आपल्या सावडीसारखी आहे. तुझा बैल माझ्या रानात, माझा बैल तुझ्या रानात! एका देशाने परक्या विद्यार्थ्याला काम शिकायला जागा द्यायची आणि त्या बदल्यात आपल्या विद्यार्थ्यासाठी तिकडे जागा मिळवायची. राहण्या-जेवण्याचा खर्च भागेल इतका मोबदला काम देणारा देतो. विमानाचे भाडे मात्र साधारणपणे आपले आपण पाहायचे.

दुसरी वाट कॅनडातील 'मायटॅक्स' संस्थेच्या ग्लोबलिंक योजनेची. पदवीच्या शेवटच्या टप्प्यात आलेल्या विद्यार्थ्यांना तेथील विद्यापीठात प्राध्यापकाच्या हाताखाली १२ आठवडे संशोधनाचे काम मिळते. भारतातील विद्यार्थी या योजनेतून गेलेले आहेत. अर्ज आदल्या वर्षीच, पावसाळ्याच्या सुमारास करावा लागतो.

तिसरी वाट म्हणजे प्राध्यापकांना थेट पत्र. ही बिनखर्ची, पण चिकाटीची. एकच मजकूर पन्नास जणांना धाडला तर तो केराच्या टोपलीत जातो. ज्यांना लिहायचे त्यांचा एखादा लेख आधी वाचावा. त्यातले काय आवडले, आपल्याला काय करता येते व कोणत्या महिन्यांत येता येईल, हे दहा-बारा ओळींत लिहावे. सोबत एक पानी माहिती आणि आपल्या सरांचे शिफारसपत्र जोडावे.

आण्णांच्या मुलीने तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला बत्तीस पत्रे लिहिली. उत्तरे आली पाच. चार नकार, एक होकार. पण होकारात पैसा नाही. आण्णांनी वहीत हिशेब मांडला. भाडे, खोली, जेवण, विमा धरून आकडा पुन्हा एजंटाच्याच घरात जाऊन बसला. मुलगीच म्हणाली, "नको आबा, जमीन गहाण टाकून मला नाही जायचं." तिने त्या प्राध्यापकांना आभाराचे पत्र लिहिले. ग्लोबलिंकचा अर्ज तिने आधीच केलेला होता. हिवाळ्यात तिकडून निवड झाल्याचे कळले. काम होते शेताच्या पाण्याच्या मापनाचे. प्रवासाला व राहण्याला मदत मिळणार होती.

हे आडसाली पीक आहे

जायचे मे महिन्यात म्हणून मार्चमध्ये धावपळ सुरू केली, तर हाती काही लागत नाही. वर्षभर आधी लागण केली पाहिजे.

सर्वांत आधी पासपोर्ट. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये आहे व तो सज्ञान व्यक्तीला १० वर्षे चालतो. अनेक ठिकाणी पोस्टातही आता त्याचे केंद्र आहे. खरी अडचण नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले, कुठे स्पेलिंग वेगळे. या मुलीच्या आडनावात एका कागदावर एक अक्षर जास्त निघाले, आणि ते दुरुस्त होईपर्यंत दीड महिना गेला. तेव्हा सर्व कागद एकदा जवळजवळ ठेवून नाव ताडून पाहा. पोलीस चौकशी गावच्या पत्त्यावर होणार की वसतिगृहाच्या, हेही आधी ठरवा.

दुसरे, कॉलेजची लेखी परवानगी. परीक्षा आणि तिकडचे आठवडे एकमेकांवर येऊ नयेत. तिसरे, बोलण्याचा सराव. आपले काम दहा मिनिटांत सोप्या इंग्रजीत सांगता आले पाहिजे. ही मुलगी रोज संध्याकाळी गावच्या हायस्कूलच्या बाईंसमोर उभी राहून बोलायची. चौथे, घरची शिकवण. स्वयंपाक, धुणे, पैशाचा हिशेब हे मुलग्यांनाही आले पाहिजे, हे वेगळे सांगायला नको. आणि पासपोर्ट, व्हिसा, विमा, निवडपत्र यांच्या प्रती घरी ठेवून जावे. तिकडे कोणीही पासपोर्ट 'सांभाळायला' मागितला तर देऊ नये.

ती गेली, १२ आठवडे राहिली, परत आली. आल्यावर वडिलांच्या दोन एकर उसाच्या ठिबकला तिने पाण्याचे मीटर बसविले. पूर्वी आण्णा सांगत, "रात्रभर मोटर चालली." आता लिटरचा आकडा सांगतात, आणि पाणी कुठे जास्त जात होते तेही दाखवितात.

सावडीत घ्यायचे तर द्यावेही लागते. आपल्या कारखान्याची प्रयोगशाळा, उसाचे बेणेमळे, बॉयलर हाऊस ही शिकण्यासारखीच ठिकाणे आहेत. परदेशी विद्यार्थ्यासाठी दर हंगामात एक जागा आपणही देऊ करावी आणि त्या बदल्यात सभासदांच्या मुलांसाठी तिकडे एक जागा मागावी, अशी सूचना आम्ही या अंकातून संचालक मंडळापुढे ठेवीत आहोत.

तोवर एवढेच करा. कोणी परदेशाचा कागद घेऊन घरी आला, तर पैसे देण्याआधी तो कागद घेऊन गट ऑफिसात या. बसून वाचू. वाचायला पैसे पडत नाहीत.