टिकाऊ उजेडाचा शोध

१९८५ साली सॅन डिएगो येथील संशोधकांनी 'फोटिनस पायरॅलिस' या अमेरिकी काजव्याचे लुसिफरेझ हे उजेड पाडणारे विकर घडवणारे जनुक ई. कोलाय जिवाणूत उतरवले. तोवर हे विकर हवे तर काजवेच पकडावे लागत. १९४०च्या दशकात बाल्टिमोरमध्ये विल्यम मॅकलरॉय शंभर काजव्यांमागे २५ सेंट मोजून मुलांकडून ते गोळा करवीत. जनुक हाती आल्याने पुरवठ्याची ददात मिटली, पण विकराचा नाजूकपणा तसाच राहिला. सुमारे २५ अंश सेल्सिअसला उत्तम चालणारे हे प्रथिन परीक्षानळीत ३७ अंशांना काही मिनिटांतच ढेपाळते. काजव्याचा हा दिवा रोजच्या वापरात आला, तो टिकाऊपणासाठी झालेल्या चिवट खटपटीमुळे.

या खटपटीची सुरुवात चाचपडतच झाली. जनुकात वाटेल तसे बदल घडवायचे, हजारो जिवाणू-वसाहती तापवायच्या आणि त्यानंतरही उजळणाऱ्या निवडायच्या, असा हा मार्ग. १९९३ मध्ये जपानच्या किक्कोमान कंपनीतील काजियामा आणि नाकानो यांनी गेंजी काजव्याच्या विकरात २१७व्या जागी फक्त एक अमिनो आम्ल बदलले आणि ते उष्णतेला बरेच जास्त टिकू लागले. १९९६ मध्ये केंब्रिजच्या गटाला फोटिनसच्या विकरात ३५४व्या जागी असाच बदल गवसला. त्याच वर्षी लंडनमध्ये या प्रथिनाची त्रिमितीय रचना उलगडली आणि आंधळ्या शोधाला नकाशा मिळाला. पुढे २००६ मध्ये प्रथिनाच्या पृष्ठभागावरची, पाण्याशी न जुळणारी पाच अमिनो आम्ले हेरून त्या जागी पाण्याशी जुळणारी बसवली गेली. हे विकर ४५ अंशांपर्यंत तग धरू लागले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. विकराला काम करताना हलावे, वाकावे लागते. त्याला घट्ट केले तर ते मंदावणार नाही का? धोका खराच, पण तो अटळ नाही. २००६च्या त्या विकराची कार्यक्षमता घटली नाही, आणि आम्लता वाढली की मूळ विकराचा पिवळा-हिरवा उजेड तांबडा होतो, ती खोडही बरीच आटोक्यात आली. दुसरा आक्षेप असा, की पेशीतले जनुक कधी चालू झाले आणि कधी बंद, हे या उजेडावरून टिपायचे तर झटपट नाहीसे होणारे विकरच बरे. त्यासाठी मात्र विकर कमकुवत ठेवावे लागत नाही. पेशीने ते लवकर मोडावे अशी खूणशेपटी त्याला जोडता येते. आयुष्य आपण ठरवून कमी करणे वेगळे आणि उष्णतेने ते हिरावून घेणे वेगळे.

सर्वांत अवघड प्रश्न २०१२ मध्ये उभा राहिला. खोल समुद्रातल्या कोळंबीपासून घडवलेले नॅनोलुक हे विकर काजव्याच्या विकराहून सुमारे दीडशे पट तेजस्वी, आकाराने तिसऱ्या हिश्श्याएवढे आणि टिकाऊही. मग काजव्यावर एवढी मेहनत कशाला? उत्तर रसायनात आहे. नॅनोलुकला एटीपी लागत नाही. काजव्याचे विकर एटीपी खर्चल्याशिवाय उजळतच नाही. एटीपी हे प्रत्येक जिवंत पेशीचे इंधन, म्हणून उजेड मोजला की सजीवांचा माग लागतो. अन्नकारखान्यातल्या पृष्ठभागांवर बोळा फिरवून स्वच्छता तपासतात ती याच गुणावर. नेमका हाच गुण ज्याच्याकडे होता, ते विकर उष्णतेपुढे दुबळे होते. म्हणूनच त्याला सोडून न देता सावरणे भाग पडले.