नाव बदलून

देवरूखचा एसटी स्टँड. सकाळचे साडेनऊ. आंगवलीची गाडी फलाटाला लागलीय, मारळची यायचीय. भोंग्यातून एकच सूचना तीनदा ऐकू येते आणि तिन्ही वेळा गावाचं नाव नेमकं घरघरीत बुडतं. ऑक्टोबर संपत आलाय. पाऊस जाऊन फार दिवस झालेले नाहीत, पण पत्र्याखाली उभं राहवत नाही. मान घामाने चिकट, चपलांवर तांबडी धूळ. गाडीतून उतरणाऱ्या बायकांच्या हातात दिवाळीच्या सामानाच्या याद्या आहेत.

काहींच्या हातात मात्र यादी नाही. प्लास्टिकच्या पिशवीत, दुमडू नयेत म्हणून पुठ्ठा घालून ठेवलेल्या लांब वह्या आहेत.

त्यांच्यातली एक पुढे चालते, मी तिच्या मागे. अंगणवाडी सेविका आहे. आज रजा टाकलीय. वेणीत भाताचं कूस अडकलेलं तिच्या लक्षात आलेलं नाही. पहाटे खळ्यावर भारे झोडले, आंघोळ केली, भाकऱ्या टाकल्या आणि गाडी पकडली. तिकीट अर्धं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे, म्हणून पदवीच्या संपर्कवर्गाच्या फेऱ्या परवडतात. "नायतर मानधन एसटीलाच गेलं असतं," ती मागे न बघता म्हणते.

बाजारपेठेत वळलं की झेरॉक्सचं दुकान. तालुका संगमेश्वर, पण कचेऱ्या सगळ्या देवरूखात. त्यामुळे हे दुकान कधी रिकामं नसतं. दोन मशीन आहेत, चालू एक. रांग पायरीवरून खाली उतरून गटारावरच्या फरशीपर्यंत आलीय. कुणाच्या हातात सातबारा, कुणाच्या हातात जातीच्या दाखल्याचे कागद, एकाकडे लग्नपत्रिकेचा नमुना. मधूनमधून या लांब वह्या. आतून मशीनची गरम हवा येते, शाईचा वास येतो. कुणाचं तरी पोर दुकानाच्या उंबऱ्यावर बसून बिस्किटाचा पुडा दाताने फोडतंय.

वह्या आहेत समाजकार्याच्या पदवीच्या. विद्यापीठ दिल्लीचं, मुक्त. १९८५ साली संसदेच्या कायद्याने उभं राहिलेलं. बारावी झालेली असावी, वयाची अट नाही. पदवीला कमीत कमी तीन वर्षं, फार तर सहा. शंभरातले तीस गुण असाइनमेंटचे, सत्तर परीक्षेचे. असाइनमेंट स्वतःच्या हाताने लिहिलेली लागते. डिसेंबरच्या परीक्षेला बसायचं तर ती ऑक्टोबरअखेर पोचवायची असते. हे वेळापत्रक आखणाऱ्याने कधी भात कापलेला नसावा.

रांग दोन पावलं सरकते.

पुढे उभा असलेला तरुण रात्रपाळी करून आलाय. १०८ रुग्णवाहिका चालवतो. शर्टाची बटणं वरखाली लागलीयत, डोळे तांबारलेले. भिंतीला टेकून पुस्तक वाचतोय. पुस्तकं हिंदीत मिळतात नाहीतर इंग्रजीत. तो हिंदीत वाचतो, मराठीत स्वतःला समजावतो आणि पुन्हा हिंदीत लिहितो. पानाच्या कडेला पेन्सिलीने बारीक मराठी शब्द आहेत. एका क्रेडिटमागे तीस तासांचा अभ्यास धरलेला असतो, हे मी त्याच्याच पुस्तिकेत वाचतो आणि त्याच्याकडे बघतो. तो हसतो. "आमचे तास सलग नसतात. पेशंट रत्नागिरीला सोडला, परत येताना बावनदीच्या पुढं गाडी बाजूला घेतली, वीस मिनिटं. की झाला फोन."

"मग पास कसे होता?"

"अपघातात नातेवाईक कसे ओरडतात, त्यांना कसं धरायचं, यावर प्रश्न आला की सोपं जातं."

वीज जाते. मशीन अर्धा कागद तोंडात धरून थांबतं. पंखा आणखी चार फेरे घेतो. "पाच मिनटात येईल," दुकानदार म्हणतो. कुणी विश्वास ठेवत नाही, कुणी रांगही सोडत नाही. सातबारावाला फरशीवर उकिडवा बसतो. बायका पदराने वारा घेतात. समोरच्या किराणा दुकानात आकाशकंदील टांगलेत, त्यांच्या झिरमिळ्यासुद्धा हलत नाहीत.

या बसल्या वेळात सेविकाताई वही उघडते. लेखी पेपरांबरोबर या पदवीत क्षेत्रकार्यही असतं. प्रत्यक्ष माणसांत जायचं, कुणा जाणत्या सुपरवायझरच्या हाताखाली काम करायचं, रोजची डायरी लिहायची, शेवटी अहवाल. एका व्यक्तीबरोबर काम, गटाबरोबर काम, वस्तीबरोबर काम. उघडलेलं पान पहिल्या प्रकारातलं आहे. वर लिहिलंय: सौ. क, वय ३४.

नियम असा की नाव बदलून लिहायचं. ओळख पटेल असं काही ठेवायचं नाही. नियम बरोबरच आहे. पण वाडीत घरं तीस-पस्तीस. नवरा मुंबईला, सासू अर्धांगवायूने पडलेली, पदरी दोन मुली, घर विहिरीच्या अंगाला. एवढं वाचलं की नाव लिहायची गरजच उरत नाही; मशीनवरचा दादासुद्धा सांगेल कुणाची सून ती. सुपरवायझरने समासात लाल पेनाने एकच शब्द लिहिलाय, पुढे प्रश्नचिन्ह: गोपनीयता?

म्हणून ताईने सगळं पान नव्याने लिहिलं. मुंबईचं सुरत केलं. विहिरीचा नळ झाला. सासूचा अर्धांगवायू गेला, मधुमेह आला. दोन मुलींचा एक मुलगा केला. आणि इथे ती अडकली.

"मुलगा केला तर केसच राहत नाय ना," ती म्हणते. "तिला जाच आहे तो मुली झाल्या म्हणूनच. मुलगा असता तर ती माझ्याकडं रडायला आली असती कशाला?"

पानावर त्या जागी व्हाइटनरचा जाड थर आहे. थराखाली 'मुलगा' अजून पुसट दिसतो. वर, जरा उंचवट्यावर, निळ्या शाईत: दोन मुली. बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. बाकी सगळं खोटं आणि हे दोन शब्द खरे.

शहरात शिकणाऱ्याला हा पेच पडत नसेल असं नाही. पण तिथे क्षेत्रकार्य संपवून विद्यार्थी लोकलने घरी जातो. इथे सौ. क उद्या सकाळी विहिरीवर भेटणार आहे.

वीज येते. मशीन पोटातला कागद बाहेर टाकतं, काळा पट्टा पडलेला. तो फेकून दुकानदार पुढचे कागद ओढतो. ताईची पाळी आल्यावर तो वहीला हात घालणार, इतक्यात ती काउंटरला वळसा घालून आत जाते. "दादा, पानं मी लावते. तुम्ही फक्त बटण दाबा." तो एक क्षण तिच्याकडे बघतो. मग बाजूला सरून रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो आणि अंदाजाने बटण दाबतो. पान उलटं, झाकण, उजेडाची रेघ, पान सुलटं. मागे रांगेतून कुणीतरी "वहिनी, रातच्याला सोडणार काय?" असं विचारतं. ती शेवटच्या पानापर्यंत आपल्याच चालीने जाते.

बाहेर आल्यावर ऊन डोक्यावर. चालक आणि ती दोघं चहाच्या टपरीवर थांबतात, मीही. आशाचं काम करणारी तिसरी एक येऊन मिळते, तिची असाइनमेंट अजून चार पानं लिहायची आहे. ती टपरीच्या बाकावरच वही मांडते. कपाचा ओला गोल वहीवर उमटू नये म्हणून चहा हातातच धरते. प्रश्न आहे भारतातल्या समाजकार्याच्या शिक्षणाच्या इतिहासावर. उत्तर सुरू होतं १९३६ पासून, मुंबईत नागपाड्याला समाजकार्याची पहिली शाळा निघाली तिथून.

आम्ही बसलोय त्या गावात १९५४ साली एका बाईंनी दोन खाटांचं प्रसूतिगृह काढलं. देवरूखात मावशी म्हटलं की पुढचं नाव विचारत नाहीत. तेव्हा नागपाड्याच्या शाळेला अठरा वर्षं झाली होती.

"हे घालायचं ना उत्तरात," मी म्हणतो.

आशाताई पेन थांबवत नाही. "पुस्तकात नाय ते. पुस्तकातलं लिहिलं की मार्क पडतात."

"मावशींचं घालूया की एका ओळीत," सेविका म्हणते.

"तू घाल तुझ्यात. मला तीस घरं करायचीयत अजून आज."

आणि ती नागपाड्यावरून पुढच्या मुद्द्यावर जाते. पदवी कशाला हवी, हे मी विचारतो तेव्हा उत्तरं साधी येतात. मुख्य सेविकेच्या जागेला पदवी लागते. बैठकीत साहेब शिकलेल्याचं आधी ऐकून घेतात. चालक म्हणतो, पाठ गेली की गाडी चालवता येणार नाही, तेव्हा बसून करायचं काम हवं. समाज, सेवा वगैरे शब्द कुणी काढत नाही. ते असाइनमेंटमध्ये आहेत, मुबलक.

सेविकेला तहसीलला एक काम आहे, म्हणून सगळे तिकडे. चिऱ्याच्या भिंतीच्या सावलीत बाकं टाकलेली, बाकांवर माणसं, माणसांच्या मांडीवर पिशव्या, पिशव्यांत कागद. इथली रांग उभी नाही, बसलेली आहे. कारकून जेवायला गेलाय की जाणार आहे यावर दोन मतं आहेत. एक म्हातारी सेविकेचा हात धरते. ओळख नाही, पण अंगणवाडीची साडी बघितलीय.

"बाय गो, ह्ये जरा बघ."

निराधार योजनेचा अर्ज. महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. घरचं वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. ताई बाकाच्या कडेला टेकते आणि एकेक कागद बाजूला काढते. रेशनकार्ड. आधार. उत्पन्नाचा दाखला आहे, पण गेल्या वर्षाचा. पाठपोट लिहिलेल्या तीन पावत्या, त्यांचा इथे उपयोग नाही. ती त्या परत पिशवीत नीट ठेवते. घाई करत नाही. म्हातारी दुसरंच काही सांगत राहते, सुनेबद्दल. ताई मान हलवते आणि तिला थांबवत नाही. पुस्तकात याला एक सबंध प्रकरण आहे.

"हे डायरीत धर की," चालक हळूच म्हणतो. "अर्धा तास झाला."

"सुपरवायझरला आधी कळवलेलं नाय. सही कोण देणार?"

तिचं बोट कागदावरून खाली सरकतं. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला नाही. म्हातारी सांगते, मालक मुंबईला गेले. तिकडं मिलला होते, तिकडंच गेले, दाखला तिकडचाच. कुठल्या वॉर्डात, हे तिला माहीत नाही. हॉस्पिटलचं नाव सांगता येत नाही. पुढ्यात मोठं झाड होतं, एवढं आठवतं.

"मुंबईत तुमचं कोण आहे आत्ता?"

"भाचा हाय. विरारला."

"फोन लागतो त्याचा?"

म्हातारी पोलक्यातून चुरगळलेली चिठ्ठी काढते. नंबर नऊच आकडी आहे. ताई पुन्हा मोजते.

"हे कुणी लिहून दिलं तुम्हाला?"

"नातवानं."

"नातू शाळेत आहे ना आता? कुठल्या?"