गाईला रविवार कळत नाही

मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी काही वर्षे झगडा दिला. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी कामगाराला देवाला जाता आले पाहिजे, असेही त्यांचे एक म्हणणे होते. या गोष्टीला आता १३० वर्षांहून अधिक काळ लोटला. सरकारी कचेऱ्यांना तर २९ फेब्रुवारी २०२० पासून शनिवारही सुट्टीचा झाला. पण कोपरगाव तालुक्यात ज्याच्या दावणीला चार संकरित गाई आहेत, त्या शेतकऱ्याला विचारा, "बाबा, तुझी सुट्टी कधी?" तो हसतो आणि घड्याळात बघतो. धारेची वेळ झालेली असते.

पूर्वी शेतकऱ्याला सुट्टी नव्हती असे मात्र नाही. ती बैलाच्या नावावर होती, एवढेच. पुष्कळ गावांत सोमवारी बैल जुंपत नसत, महादेवाचा वार म्हणून. अवसेला औत धरायचे नाही. नागपंचमीला जमीन उकरायची नाही. पोळ्याला तर बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचा प्रश्नच नाही. त्यात आठवडे बाजाराचा दिवस धरा. म्हणजे महिन्याकाठी सहा-सात दिवस तरी माणूस पारावर बसायचा, पाहुण्याकडे जायचा, नाहीतर गंगेला जाऊन निवांत आंघोळ करायचा. (आपल्याकडे गोदावरीला गोदावरी कोण म्हणतो? गंगाच.) जुन्या लोकांनी हे सगळे देवाधर्माच्या नावाने बांधून ठेवले होते, पण हिशोब मुक्या जनावराच्या विसाव्याचा होता, आणि त्याच्या आडोशाने माणसालाही विसावा मिळत होता.

बैल गेला, ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला सोमवार नाही. नांदूर मधमेश्वरहून निघालेले डावा-उजवा कालवे इंग्रजांच्या काळातले. त्यांच्यावर ऊस आला, उसामागे कारखाने आले आणि पाण्याची पाळी हा घरातला मोठा वार होऊन बसला. आवर्तन सुटले की सात नंबरचा अर्ज, पाटकऱ्याची वाट, शेजपाळीत आपला नंबर कधी लागतो याची घालमेल. रात्री दोनला लागला तर दोनला. विहिरीवर मोटार बसली तेव्हा वाटले, आता तरी आपल्या मर्जीने भरणे होईल. तर वीज रात्रपाळीची! त्यावर उपाय म्हणून लोकांनी ऑटो स्विच बसवले. मग वीज आली की साऱ्या मोटारी एका झटक्यात सुरू होतात, डीपीवर भार येतो, डीपी उडतो, आणि सगळी वस्ती दोन-चार दिवस अंधारात राहते. आणि उसात बिबट्याचे भय असताना रात्री एकट्याने बारे द्यायला कोण खुशीने जातो?

या सगळ्यांवर कडी केली ती गाईने. बैल नुसता उभा राहिला तर वैरण आणि पाण्यावर भागायचे. दुभत्या गाईचे तसे नाही. तिची धार दिवसातून दोनदा, साधारण बारा-बारा तासांच्या अंतराने, वर्षातले सगळे दिवस. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांचा किराणा, पोरांची फी, दवाखाना दुधाच्या पगारावर चालतो. उसाचे पैसे वर्षातून येतात, दुधाचे दहा-पंधरा दिवसांनी येतात. त्यामुळे गाय कमी कर, असा शहाणपणा शिकवायला मी काही हा लेख लिहीत नाही.

आता घरातला दिवस पाहा. पहाटे साडेचारला शेण काढणे, पाचला धार, साडेसहाच्या आत दूध संकलन केंद्रावर. तिथे फॅट आणि एसएनएफचे आकडे पाहून मनातल्या मनात दोन शब्द बोलून परत यायचे. मग कुट्टी, पाणी, गव्हाण. एका दुभत्या गाईला दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी सहज लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. चार गाई म्हणजे अडीचशे लिटर झाले, आणि ते पुष्कळ घरांत बादलीने वाहिले जाते. कोण वाहते हे सांगायला नको. दुपारी घास कापणे किंवा मका तोडणे. चार वाजले की पुन्हा शेण, पुन्हा धार. कोपरगाव शहरातल्या आयाबहिणींनी कित्येक दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट बघत, ड्रम भरून ठेवत वर्षे काढली. पाच नंबरच्या तळ्याची चर्चा निवडणुकांतून ऐकत काढली. वाड्या-वस्त्यांवरच्या बायांची कथा तशीच, फक्त त्यांच्याकडे नळाऐवजी गाय.

मित्रांचे म्हणाल तर अवघडच. शाळेतले दोस्त नाशिक, पुणे, मुंबईला कामाला. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी मुंबईच्या बाजूने पूर्ण खुला झाला, तेव्हापासून शनिवारी सकाळी निघालेला मुंबईकर जेवायला कोपरगावात असतो. संध्याकाळी फोन येतो, "चल रे, शेतात बसू. भरीत, बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा." शेत कुणाचे? याचेच. भाकरी कोण थापणार? याच्या घरचीच. आणि ऐन रंगात आल्यावर साडेचार वाजता उठून जाणार कोण? तोही हाच. गड्याला दोस्त चिडवतात, "तू काय गाईचा नवरा झाला का?" तो हसण्यावारी नेतो. पण अशी दोन-तीन वर्षे गेली की तो फोन उचलायचा टाळतो, हे मी गावोगावी बघितले आहे. आणि लग्नाच्या बोलणीत मुलीकडचे लोक आता सरळ विचारतात, गोठा आहे का, शेण कोण काढते? उत्तर ऐकून पुढची बैठक होत नाही. विसाव्याची गोष्ट दिसते किरकोळ, पण तरुण पोरगा शेतीत राहील की नाही हे पुष्कळदा तिच्यावरच ठरते.

त्यात घाईची धार ही वेगळीच अडचण. मित्र वाट बघत आहेत म्हणून गडी अर्धवट दूध काढून उठतो. फॅट असते ती शेवटच्या धारांत. सुरुवातीचे दूध पातळ, शेवटचे घट्ट. कासेत राहिले ते घट्ट दूध. म्हणजे केंद्रावर फॅट कमी, वर कासदाहाला आमंत्रण. मग सोमवारी डॉक्टर, मंगळवारी इंजेक्शन, आणि दूध केंद्रावर घालता येत नाही ते वेगळे. एका पार्टीचा खर्च कुठल्या कुठे जातो.

धारेची सावड

आपल्याकडे इर्जिक आणि सावड हे शब्द नव्या पोरांना सांगावे लागतात. इर्जिक म्हणजे गावाने एकाच्या शेतात बैल घेऊन जायचे, दिवसभर काम करायचे, आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचे. सावड म्हणजे आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. पैशाचा व्यवहार नाही. माझ्या फिरतीच्या भागात एका वस्तीवरच्या चार घरांनी ही सावड धारेला लावली आहे. कुणाकडे तीन गाई, कुणाकडे सहा. ठरले असे, की महिन्यातला एक रविवार एका घराला मोकळा. त्या दिवशी सकाळ-संध्याकाळची धार, शेण, वैरण बाकीच्या तीन घरांनी वाटून करायची.

पहिल्या महिन्यात बोऱ्या वाजला. परक्या माणसाचा हात लागताच गाईने पान्हा चोरला. रोज दहा लिटर देणारी सहावर आली, फॅट खाली गेली, आणि सुट्टीवरून आलेला मालक म्हणाला, "दूध कुठं गेलं?" आता असे वाक्य चार घरांत एकदा निघाले की सावड मोडलीच समजा. पण वस्तीवरची एक म्हातारी शहाणी. ती म्हणाली, "अरे, सुनेला सुद्धा घरात रुळायला महिना लागतो, गाईला एका दिवसात कसं कळंल?"

म्हातारीचे बोलणे शास्त्राला धरून आहे. कास धुतली, चोळली, नेहमीची हाक ऐकली, की गाईच्या मेंदूतून एक स्राव रक्तात येतो आणि पान्हा सुटतो. त्याचा जोर पाच-सात मिनिटेच टिकतो. तेवढ्यात धार पूर्ण व्हायला हवी. गाय भ्याली, बिचकली, की हा स्राव अडतो. तेव्हा करायचे काय, तर ज्याची पाळी आहे त्याने आधीचे दोन-तीन दिवस मालकाबरोबर गोठ्यात उभे राहायचे. पहिल्या दिवशी नुसती पेंड टाकायची, दुसऱ्या दिवशी कास धुवायची, तिसऱ्या दिवशी मालक जवळ असताना धार काढायची. मालक ज्या नावाने हाक मारतो त्याच नावाने मारायची. धारेचा क्रमही तोच ठेवायचा. अंगठा मुडपून ओढण्याची खोड असेल तर ती सोडून पूर्ण मुठीने पिळायचे, सडाला इजा होत नाही. हे सुरू केल्यावर त्या वस्तीवर घट लिटर-अर्ध्या लिटरवर आली, आणि तेवढी सोसायची असे सगळ्यांनी बसून ठरवले.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने सांगतो. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात माणूस जातो तेव्हा रोगही जातो. हात साबणाने धुवावेत, चप्पल बदलावी, कासदाहाची गाय असेल तर तिची धार सगळ्यांत शेवटी काढावी. धार झाल्यावर सड आयोडीनच्या औषधात बुडवावेत आणि गाय अर्धा तास उभी राहील अशी वैरण पुढे टाकावी, कारण सडाची तोंडे उघडी असतात. लाळ्या-खुरकूत किंवा लम्पीची साथ असेल तर सावड सरळ बंद ठेवावी. लम्पीने २०२२ मध्ये काय केले हे पशुपालकांना सांगायला नको.

सावड चालते ती काम कमी असले तर. दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊन कुणी मका तोडून, कुट्टी करून घालणार नाही. म्हणून मुरघास करा. मक्याचा दाणा चिकात असताना, फार कोवळा नाही आणि फार वाळलेला नाही, कुट्टी करून बॅगेत किंवा खड्ड्यात दाबून भरायची. दाबण्यात कसूर नको. हवा राहिली की बुरशी. साधारण ४५ दिवसांनी उघडायचे. मग रोजचे तोडणे गेले, पाटीने काढायचे आणि टाकायचे. दुसरे, मुक्त संचार गोठा. गाई मोकळ्या, मध्ये पाण्याची टाकी, तहान लागली की आपली आपण पितात. बादल्या वाहणे संपले, शेणही रोजच्या रोज उचलावे लागत नाही. यासाठी पक्का गोठा पाडायची गरज नाही. तारेचे किंवा बांबूचे कुंपण आणि एका बाजूला सावली, एवढ्यावर सुरुवात होते. रात्रीच्या विजेवर उपाय म्हणजे शेततळे. रात्री वीज येईल तेव्हा तळ्यात पाणी घ्या आणि दिवसा ठिबकने द्या. ज्यांना जमते त्यांनी सौर पंपाचा अर्ज करावा. ऊन दिवसाच पडते, ही त्यातली मोठी सोय.

सुट्टी मिळाली, तिचे त्या चार घरांनी काय केले? एक जण बहिणीकडे नाशिकला मुक्कामाला गेला, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. एक जण दिवसभर झोपला. एकाने मित्रांना बोलावले आणि रात्री दहापर्यंत त्यांच्याबरोबर बसला, मध्ये एकदाही उठला नाही. त्या घरच्या वहिनींना विचारले, तर त्या म्हणाल्या, "साहेब, यांची सुट्टी झाली. माझ्या चुलीवर सात माणसांचा स्वयंपाक वाढला." आता वस्तीवर नियम निघाला आहे, की मोकळ्या रविवारी जेवण त्या घरी नाही. मित्रांनी एक तर डबा आणायचा, नाहीतर स्वतः चूल पेटवायची. त्याच वहिनींनी पुढच्या पाळीला सकाळी सात वाजता बसून चहा घेतला आणि दुपारी बचत गटाच्या मैत्रिणींबरोबर बेटात शुक्राचार्यांच्या दर्शनाला गेल्या. गोठा असलेल्या घरात सात वाजता बसून चहा, हे ज्याला कळेल त्याला कळेल.

ग्रामसेवक, तलाठी आणि आमच्या खात्याच्या मंडळींना मात्र एक सांगणे आहे. आपण ग्रामसभा, शिबिर, प्रशिक्षण कधी ठेवतो? सोयीने ठेवतो, आणि बऱ्याचदा ते रेंगाळत संध्याकाळच्या पाचावर जाते. त्या वेळी पशुपालक येत नाही, बायका तर नाहीच. मग आपण अहवालात लिहितो, "प्रतिसाद अल्प." सकाळी अकरा ते तीन ही त्यांची वेळ. ई-केवायसी, ई-पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांक, यासाठी माणूस दोन धारांच्या मधल्या वेळेत येतो. त्याला "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" म्हटले की त्याची दुपार गेली, आणि उद्याही तीच दुपार जाणार. सर्व्हर आपल्या हातात नाही, पण गावच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी दहाला "आज चालू आहे" किंवा "बंद आहे" एवढे टाकणे हातात आहे. पशुसंवर्धनच्या डॉक्टरांनी सावड करणाऱ्या पोरांना एकदा धारेचे आणि कासेच्या निगेचे प्रात्यक्षिक दाखवले तर फार बरे होईल.

त्या वस्तीवर आता पाचवे घर सावडीत यायचे म्हणते आहे. त्यांच्याकडे अकरा गाई आहेत, त्यामुळे बाकीचे जरा विचारात पडले आहेत. अकरा गाईंची धार तीन गाईंच्या बदल्यात कशी धरायची, यावर दोन बैठका झाल्या. गाईमागे पाळी धरावी असे एकाचे म्हणणे, अकरावाल्याने यंत्र घ्यावे असे दुसऱ्याचे. निकाल अजून लागलेला नाही. कुणाला जाऊन प्रत्यक्ष बघायचे असेल तर मी वस्ती दाखवीन. फक्त संध्याकाळी जायचे तर आठनंतर. त्याआधी तिथे कुणी मोकळे सापडणार नाही.