सडपातळ माणसाच्या हृदयावरची चरबी

पारगावात उसाच्या फडावर राबणारा, पोट न सुटलेला गडी. तरी अँजिओग्राफीत धमनी तुंबलेली निघते. असं कसं?

हृदयावरही चरबीचा थर असतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या त्यातूनच जातात आणि मध्ये पडदाही नसतो. थोडी चरबी कामाचीच, ती हृदयाला इंधन पुरवते. थर जाडावला की मात्र बांधावरचं तण शेतात शिरावं तसं होतं: तिच्यातून सुटणारी दाहक रसायनं धमनीच्या भिंतीत झिरपतात आणि तिथे मेद साचायला हातभार लावतात.

वजनकाट्याला यातलं काही कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात चक्क स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३; अंगातली एकूण चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! तसाच हृदयावरचा थरही वजनावरून कळत नाही; तो मोजायला इको किंवा सीटी स्कॅनसारखी तपासणी लागते.