नवी बॅटरी, तिसऱ्या दिवशी गार

सकाळी ७:१०
डिसेंबरातलं धुळं. पांझरेकडून बोचरा वारा येतोय. देवपुरात वाडीभोकर रोडवरच्या एका बंगल्याच्या पोर्चमध्ये मिस्त्री कानटोपी घालून उभे आहेत. समोर पेट्रोलची छोटी गाडी, आठ वर्षं जुनी. निवृत्त सर चावी फिरवतात. टक्. पुन्हा टक्. डॅशबोर्डचे दिवे मंद होतात.

"महिन्यापूर्वी नवी बॅटरी टाकली. पावणेपाच हजारांची," सर म्हणतात.
"गाडी रोज काढता का, सर?"
"छे. दोन-तीन दिवसांनी, बाजारापुरती."

मीटरवर १०.९ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. मिस्त्री स्कूटीवरून दुसरी बॅटरी आणि जंपर केबल काढतात. आधी लाल जोडतात. काळीचं शेवटचं टोक बॅटरीला नाही, इंजिनच्या लोखंडाला. उतरलेल्या बॅटरीतून गॅस निघत असतो, ठिणगी पडलीच तर लांब पडावी. गाडी चालू होते. सर शंभराची नोट काढतात. मिस्त्री म्हणतात, "आत्ता राहू द्या. दुकानावर आणा. ही उद्या-परवा परत बसेल."

सकाळी ८:३०
दुकान दत्त मंदिराच्या पुढे. दहा बाय बारा, वर पत्रा, भाडं महिन्याला चार हजार. भिंतीला चार्जर, खाली ओळीनं सात बॅटऱ्या. पोरगा झाडून घेतो. त्याचा रोज साडेतीनशे.

सरांच्या गाडीची टर्मिनलं स्वच्छ आहेत, पट्टा ताणलेला आहे. इंजिन चालू असताना १३.९ व्होल्ट येतात, म्हणजे चार्जिंग ठीक. सरांची बॅटरी चार्जरवर जाते, गाडीत दुकानातली बसते. मिस्त्री म्हणतात, "भरते बरोबर. जाते कुठं ते बघू."

सकाळी ९:१०
आता खरं काम, आणि ते बघायला काहीच नाही. काळी केबल बॅटरीपासून सोडवून मधे मीटर घातलाय. सगळा करंट त्यातून जाणार. मीटरची तार दहा अँपिअरच्या भोकात. या स्थितीत कुणी सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज गेलाच, म्हणून चावी मिस्त्रींच्या खिशात. दार उघडं हवं, कारण फ्यूज आत आहेत. पण गाडीला दार बंद वाटायला हवं. पोरगा स्क्रू ड्रायव्हरनं दाराचं कुलूप मिटवून ठेवतो.

मग थांबायचं. गाडी बंद केल्यावरही आतले कॉम्प्युटर काही वेळ जागे असतात. घाईत घेतलेलं रीडिंग खोटं निघतं. अर्धा-पाऊण तास गाडीला हात लावायचा नाही. या पाऊण तासाचे पैसे गिऱ्हाइकाकडे कसे मागायचे, हे मिस्त्रींना इतक्या वर्षांत जमलेलं नाही.

सकाळी ९:३०
नगावचा ट्रॅक्टर. तरुण शेतकरी बॅटरी खांद्यावरून उतरवतो.
"रातभर चार्जिंगले लाई व्हती भो, तरी बी सेल्फ उचलत नई."

मिस्त्री सहाही बुचं काढतात. हायड्रोमीटर बुडवून फुगा दाबतात. बाराशे चाळीस. बाराशे चाळीस. बाराशे पस्तीस. चौथ्याला अकराशे वीस. पुढचे दोन ठीक.
"एक सेल मरी गया भो."

मे महिन्यात इथं पारा ४३-४४ वर जातो. बॉनेटखाली त्याहून जास्त. पाणी तेव्हा आटतं, प्लेटा तेव्हा उघड्या पडतात. तक्रार मात्र डिसेंबरात येते, कारण थंडीत इंजिन जड फिरतं आणि अर्धमेली बॅटरी पुरी पडत नाही. उन्हाळ्यात वेळेवर डिस्टिल वॉटर पडलं असतं तर ही अजून एक हंगाम चालली असती. तरुण भंगाराचा भाव विचारतो. जुनी बॅटरी किलोवर जाते, आतल्या शिशाच्या जिवावर.

सकाळी ९:५५
सरांच्या गाडीचा मीटर ०.४८ अँपिअरवर स्थिर. झोपलेल्या गाडीत हा आकडा ०.०२ ते ०.०५ असावा. मिस्त्री पुठ्ठ्यावर हिशेब मांडतात : ०.४८ गुणिले ४८ तास, तेवीस. बॅटरी पस्तीसची. दोन दिवसांत दोन तृतीयांश खलास. तिसऱ्या सकाळी टक्.

सर स्टुलावर बसलेत. "दिवाळीत नवा टेप बसवला, तोच असणार."

मिस्त्री टेपचा फ्यूज चिमट्यानं उपसतात. ०.४६. टेप निर्दोष. मग एकेक फ्यूज. काढायचा, मीटर बघायचा, परत त्याच घरात बसवायचा. डिकीचा दिवा, हॉर्न, काच, पंखा. पोरगा आकडे वाचतो. ०.४८. ०.४८. ०.४७. डॅशबोर्डखालची पेटी संपते. बॉनेटमधली पेटी संपते. कमरेत वाकून मिस्त्रींची पाठ आखडलीय.

सकाळी ११:२०
फ्यूज संपले, गळती आहेच. म्हणजे ती फ्यूजच्या वाटेवर नाही. मिस्त्री बॅटरी सोडवतात, डायनामोच्या मागची जाड तार दहा नंबरच्या पान्यानं काढून टोकाला चिकटपट्टी गुंडाळतात. मीटर पुन्हा मधे. पुन्हा वाट बघणं.

दुपारी १२:०५
०.०३.

पोरगा टाळी वाजवतो. मिस्त्री सरांना सांगतात, "डायनामोतले डायोड गेलेत. विहिरीतल्या मोटारीचा फुटबॉल खराब झाला की पाइपातलं पाणी परत विहिरीत जातं ना, तसं." सरांना लगेच कळतं, फुटबॉल म्हणजे पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह. त्यांची शेती आहे.

इतके दिवस त्या नव्या बॅटरीला बोल लागत होता. चार्जरवरून उतरवून मिस्त्री तिच्यावर लोड टाकतात. दहा सेकंदांत १०.४ च्या खाली येत नाही. बॅटरी चांगली आहे. मला वाटतं, महिन्यापूर्वीची जुनीही कदाचित चांगलीच होती. ती भंगारात गेली.

दुपारी १:४५
पोरगा डायनामो पिशवीत घालून पूल ओलांडून गावात गेलाय, वाइंडिंगवाल्याकडे. मिस्त्री साबणानं दोनदा हात धुतात. ॲसिडनं बोटांची सालं गेलीत, शर्टाला बारीक भोकं आहेत. डब्यात कळण्याची भाकर, भरीत, कांद्याची पात. जेवताना दोन फोन येतात, एक रिक्षा येते. रिक्षाचं टर्मिनल नुसतं ढिलं होतं. वीस रुपये.

दुपारी ४:००
सहापैकी दोन डायोड मीटरला दोन्ही दिशांनी वाट देत होते. नवी प्लेट साडेआठशे, झाळणकाम आणि मजुरी तीनशे. कार्बन अर्धे झिजले होते, तेही बदलले, दीडशे. मिस्त्री डायनामो बसवतात, पट्टा अंगठ्यानं दाबून बघतात. गाडी चालू. १४.२ व्होल्ट. हेडलाइट लावूनही १४.

संध्याकाळी ५:३०
गाडी बंद करून चाळीस मिनिटं झाली. ०.०३.

बिल पुठ्ठ्यावरच. सामान आणि वाइंडिंग तेराशे. काढणं-बसवणं पाचशे. तपासणी तीनशे.
"तपासणीचे तीनशे?" सर विचारतात. "त्यात बदललं काय?"

मिस्त्री काही बोलत नाहीत. सकाळी नऊपासून बारा वाजून पाच मिनिटांपर्यंत सर स्वतः स्टुलावर होते. सर मीटरकडे बघतात, मग दोन हजार देतात. "शंभर राहू द्या." मिस्त्री मान हलवतात. मला ते शंभर कापणं फार लागलं. बॅटरीच्या पावणेपाच हजारांत घासाघीस झाली नव्हती.

"तीन दिवस गाडी हलवू नका. चौथ्या सकाळी सेल्फ मारा आणि फोन करा."

रात्री ८:००
ट्रॅक्टरसाठी नवी बॅटरी विकली गेली, तिच्यावर दोनशे सुटले. चार्जिंगला आलेल्या पाच, प्रत्येकी ऐंशी. पोराचे साडेतीनशे, चहाचे नव्वद. नगावचा तरुण जुनी बॅटरी ठेवून गेलाय. मिस्त्री ती वजनकाट्यावर चढवतात, आकडा वहीत लिहितात आणि पोराला सांगतात, उद्या सातला ये, फागण्याला जायचंय.