किल्लीला लटकलेला प्रवासी : जिओकॅशिंगच्या रीतीभाती

माझ्या गोदरेजच्या कपाटाच्या किल्लीला दोन वर्षं एक धातूची पट्टी लटकत होती. सैनिकांच्या गळ्यात असते तशी, बोटभर लांब. तिच्यावर एका किड्याचं चित्र, खाली काही अक्षरं आणि आकडे, आणि साखळीने अडकवलेला एक निळा प्लॅस्टिकचा मासा. मुलाकडे पोर्टलंडला गेले होते तेव्हा तिथल्या एका बागेत, झाडाच्या ढोलीत ठेवलेल्या डब्यातून मी ती आणली होती. नात म्हणाली होती, "आजी, एक वस्तू घे आणि एक ठेव." पर्समध्ये हळदीकुंकवाच्या वाणातली एक छोटी पितळी डबी होती, ती ठेवली आणि मासा घेतला. फिटंफाट.

गेल्या दिवाळीत तीच नात बडोद्याला आली, कपाटाची किल्ली बघितली आणि ओरडलीच, "अगं आजी, हा तुझा नाहीये! हा प्रवासाला निघालाय!"

माशाचं पुढे काय झालं ते सांगतेच. पण हे लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. जानेवारीच्या पावागड सहलीत आपणही असा एक डबा लपवू या, असं मंडळातल्या काही मुलांनी ठरवलं आहे. उत्साह चांगलाच आहे. मात्र या खेळाच्या रीती न कळता तो खेळला तर काय होतं, हे मी किल्लीला लटकवून बघितलेलं आहे.

आधी खेळ म्हणजे काय ते थोडक्यात. कोणीतरी एक डबा कुठेतरी ठेवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, आणि बाकीचे लोक मोबाइलच्या किंवा जीपीएस यंत्राच्या मदतीने तो शोधून काढतात. डब्यात एक वही असते. तिच्यात नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा ठेवायचा आणि घरी येऊन संकेतस्थळावरही नोंद करायची. या डब्याला इंग्रजीत 'कॅश' म्हणतात, म्हणजे लपवलेला साठा. आमच्या घरी यावरून बराच गोंधळ झाला होता. आमचे हे दोन दिवस समजत होते की सून आणि नात बागेत पैसे शोधायला जातात.

खेळाची जन्मतारीख अगदी नेमकी सांगता येते. अमेरिकेच्या सरकारने १ मे २००० रोजी जाहीर केलं की सामान्य लोकांना मिळणारा जीपीएसचा संकेत यापुढे मुद्दाम बिघडवला जाणार नाही. तोवर त्यात १०० मीटरपर्यंतची चूक असायची. त्या रात्रीपासून ती एकदम कमी झाली. हे नीट तपासावं म्हणून डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ३ मे रोजी ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ रानात एक काळी बादली ठेवली. तिच्यात पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि बीन्सचा एक बंद डबा होता. बादलीची जागा त्यांनी इंटरनेटवर कळवली. नियम एवढाच होता की काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा आणि वहीत लिहा. माइक टीग यांना ती सगळ्यांत आधी सापडली. त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी 'जिओकॅशिंग' हे नाव सुचवलं, आणि सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी खेळाचं संकेतस्थळ सुरू केलं. आज जगात असे तीस लाखांच्या आसपास डबे आहेत. मुलाच्या घरापासून बीव्हरक्रीक जवळच, त्यामुळे पहिल्या बादलीच्या जागी बसवलेली पाटी मी बघून आले. गंमत अशी की ती बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती आणि तिच्यात खाण्याची वस्तू होती. आज या दोन्ही गोष्टींना सक्त मनाई आहे.

मनाई का, हे समजलं की बरेचसे शिष्टाचार आपोआप कळतात. डबा पुरलेला असेल तर शोधणारे आजूबाजूची जमीन उकरत बसतील. म्हणून तो कधीच पुरायचा नाही, त्यासाठी खड्डा खणायचा नाही, झाडाला खिळे मारायचे नाहीत. खाण्याच्या वस्तूला मुंग्या लागतात, आणि वास आला की प्राणी डबा फोडतात. आपल्याकडे तर माकडं झाकण उघडून आत वही लिहून जातील! सुरी, काडेपेटी, औषधं, दारू यांतलंही काही ठेवायचं नाही, कारण डबा उघडणारं बरेचदा लहान मूल असतं.

देवाणघेवाणीची रीत आपल्याला नवी नाही. वाण लुटताना घरातली नको झालेली वस्तू कोणी खपवत नाही, तसंच इथे. जे घेतलं त्याच्या तोडीचं किंवा त्याहून बरं काहीतरी ठेवायचं. तेवढं जवळ नसेल तर काहीच घ्यायचं नाही, नुसती सही करायची. जुनी बिलं, बसची तिकिटं, मोडकी खेळणी टाकून चांगली वस्तू उचलणारे लोक तिकडेही आहेत, आणि त्यांच्याबद्दल तिकडेही चांगलं बोलत नाहीत. काही डबे तर शेंगेतल्या दाण्याएवढे असतात. त्यांत फक्त कागदाची एक गुंडाळी मावते, पेनही नसतं. तेव्हा पेन्सिल आपली आपण न्यायची. पेन्सिलच, कारण कागद ओला झाला तरी तिचं लिहिलेलं पसरत नाही.

शोधताना नवखी माणसं हमखास एक चूक करतात. मोबाइलवरचा बाण बघत गोल गोल फिरत राहतात. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. दाट झाडीत किंवा उंच इमारतींमध्ये त्याची चूक वाढते. म्हणून जागा दहा मीटरवर आली की मोबाइल खिशात टाकायचा आणि डोळे वापरायचे. मीच लपवणार असते तर कुठे ठेवला असता? उगाच नीट रचलेले दगड, झाडाच्या सालीचा एखादा सैल तुकडा, वळचणीखालचा कोनाडा. माझ्या नातीपेक्षा मला डबे लवकर सापडायचे. सुनेच्या मते, घरातल्या जिनसा वर्षानुवर्षं मी अशाच जागी ठेवत आले आहे.

घरातून निघण्यापूर्वी दोन आकडे बघावेत. प्रत्येक डब्याला शोधायची अवघडता आणि वाटेची अवघडता असे एक ते पाच गुण दिलेले असतात. वाटेचा गुण एक असेल तर चाकांच्या खुर्चीवरूनही तिथे पोचता येतं. आमच्या वयाच्या सभासदांनी एक आणि दीडच्या पलीकडे जाऊ नये, हे मी गुडघ्यांच्या अनुभवावरून सांगते. डब्याबरोबर बहुधा एक संकेतही असतो, पण तो चुकून वाचला जाऊ नये म्हणून इंग्रजी वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवून लिहिलेला असतो. एच्या जागी एन, बीच्या जागी ओ. मुलांना तो कागदावर सोडवायला द्यावा.

खेळ माहीत नसलेल्या माणसांना हे लोक 'मगल' म्हणतात. हा शब्द हॅरी पॉटरच्या गोष्टींतून आला. मगल बघत असताना डबा बाहेर काढायचा नाही, कारण ज्याला त्याचा अर्थ कळत नाही तो एक तर त्याला कचरा समजून फेकतो नाहीतर घरी नेतो. (नेणाऱ्यांत मी होतेच.) थोडं थांबायचं, बुटाची नाडी बांधायची, फोनवर बोलल्यासारखं करायचं. पण पोलीस किंवा रखवालदार विचारायला आला तर मात्र लपवाछपवी नाही, खेळ काय आहे ते सरळ सांगून टाकायचं.

डबा सापडला नाही तर तसंच लिहायचं. त्यासाठी 'डीएनएफ' अशी खूण आहे. त्यात कमीपणा काही नाही, उलट अशा दोनतीन नोंदी आल्या की मालक जाऊन बघतो की डबा जागेवर आहे ना. काही जण मात्र सापडला नाही म्हणून तिथे आपलाच नवा डबा ठेवतात आणि 'सापडला' असं लिहितात. हे फार वाईट समजतात. खरा डबा तिथेच असेल तर एका जागी दोन होतात, आणि मालकाला न विचारता त्याच्या घरात आपलं सामान ठेवल्यासारखं होतं. सापडलेला डबा 'जास्त चांगल्या' जागी हलवणंही तितकंच चुकीचं. छायाचित्र टाकताना लपवण्याची जागा दिसू द्यायची नाही. नोंदीत शेवटी 'टीएफटीसी' लिहितात, म्हणजे डब्याबद्दल आभार. शक्य असेल तर त्यापेक्षा चार शब्द जास्त लिहावेत. कोणीतरी वेळ आणि पैसा खर्चून तो डबा ठेवलेला असतो, आणि त्याला मिळतात त्या एवढ्या ओळीच.

आता माझा मासा. डब्यात दोन प्रकारच्या वस्तू असतात. एक, देवाणघेवाणीच्या. दुसऱ्या, ज्यांच्यावर क्रमांक कोरलेला असतो त्या. या दुसऱ्या वस्तू कोणाच्यातरी मालकीच्या असतात आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवास करत असतात. किड्याचं चित्र असलेल्या पट्टीला 'ट्रॅव्हल बग' म्हणतात. ती बदल्यात काही न ठेवता घेता येते, पण घेतल्याची नोंद करायची आणि साधारण दोन आठवड्यांत पुढच्या डब्यात सोडायची. सोडायला जमणार नसेल तर ती घ्यायचीच नाही, बघितल्याची नोंद केली तरी पुरते. एक पथ्य कडक आहे : क्रमांक छायाचित्रात दिसता कामा नये. पट्टी हातात नसलेला कोणीही तो वाचून खोटी नोंद करू शकतो. अशा वस्तू कुठवर जातात म्हणाल, तर २००८ साली रिचर्ड गॅरियट यांनी एक अंतराळ स्थानकावर नेली होती, आणि २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरही या खेळाचा एक क्रमांक आहे.

नातीने माझ्या पट्टीचा क्रमांक टाकला. मालक चेक प्रजासत्ताकातलं एक कुटुंब निघालं. त्या देशाला समुद्रच नाही, म्हणून त्यांच्या मुलाने लिहून ठेवलं होतं की या माशाला जमतील तितके समुद्र दाखवा. बाल्टिक झाला होता, एड्रियाटिक झाला होता. पॅसिफिक दाखवायला कोणीतरी त्याला ओरेगनपर्यंत आणलं होतं, तिथून किनारा मोटारीने दोन तासांवर. आणि तिथून मी त्याला उचलून बडोद्याच्या कपाटाला टांगला. खाली नोंदीत त्या मुलाचा प्रश्न होता, आमचा मासा कोणी बघितला का? तारीख दीड वर्षापूर्वीची. मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून पावागडच्या बेताबद्दल चार शब्द स्पष्टच लिहिते. डबा ठेवणं ही वर्षानुवर्षांची जबाबदारी आहे. सहलीला गेलो आणि ठेवून आलो, असे डबे सहसा मंजूर होत नाहीत. प्रत्येक डबा जाहीर होण्याआधी स्वयंसेवक तपासतात : दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटर अंतर आहे का, जागेच्या मालकाची परवानगी आहे का, देखभाल कोण करणार. चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. तिथल्या तटाच्या भेगेत डबा ठेवला की शोधणारा प्रत्येक जण दहा भेगांत बोटं घालणार आणि दगड सैल करणार. तो विचार सोडून द्यावा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. आपल्याकडे प्रत्येक स्थानकावर सांगतात, बेवारस वस्तूला हात लावू नका. ते उगाच नाही. आणि हा केवळ भारताचा प्रश्न नाही. २०११ साली इंग्लंडमधल्या वेदर्बी गावात भर रस्त्यावर ठेवलेला असाच एक डबा बघून कोणीतरी पोलिसांना कळवलं, रस्ते बंद झाले आणि लष्कराच्या बॉम्बपथकाने तो उडवला. आत खेळच होता. तेव्हा रेल्वे, पूल, विमानतळ, शाळा, देवस्थान, सरकारी आणि लष्करी इमारती यांच्या आसपास डबा नकोच. डबा पारदर्शक असावा, आणि आत काय आहे ते बाहेरूनच मराठी, गुजराती आणि इंग्रजीत लिहिलेलं असावं.

मग करायचं काय? माझ्या मते पहिला डबा मंडळाच्या आवारातच ठेवावा, कार्यकारिणीच्या लेखी परवानगीने. देखभालीला माणसं रोज येतातच. वही घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालावी, पावसाळ्यात महिन्यातून एकदा बघावी. आणि पावागडसाठी बिनडब्याचा प्रकार आहे, 'अर्थकॅश'. अमेरिकेच्या भूशास्त्र संस्थेच्या साथीने तो २००४ मध्ये सुरू झाला. त्यात लपवायचं काही नसतं. येणाऱ्याने जागा बघायची आणि तिथल्या दगडमातीवरच्या प्रश्नांची उत्तरं मालकाला पाठवायची. पावागड त्यासाठी उत्तम आहे. खालचे थर सह्याद्रीसारख्या काळ्या बेसॉल्टचे आणि माथ्याकडे फिकट रायोलाइट, दोन्ही ज्वालामुखीचेच. चढताना दगडाचा रंग कुठे बदलतो, एवढा प्रश्न विचारला तरी मुलं पायऱ्या मोजायचं सोडून दगड बघतील.

परदेशातून येणाऱ्या मुलांना एक निरोप द्या. तिकडे रानात फिरताना उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी छोटी यंत्रं वापरतात. ती परवानगीशिवाय भारतात आणणं बेकायदा आहे आणि विमानतळावर त्यावरून लोकांना ताब्यात घेतलेलं आहे. साधा मोबाइल पुरतो.

माशाच्या मालकांना मी सगळं खरं लिहिलं, नातीने इंग्रजी दुरुस्त केलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यांना कपाटाच्या किल्लीचं छायाचित्र हवं होतं! मुलगा आता चौदा वर्षांचा झालाय. आम्ही सगळे तिथलला गेलो, तिथल्या काळ्या वाळूवर मासा ठेवला, क्रमांकावर माझा अंगठा, मागे अरबी समुद्र. मग नात त्याला परत घेऊन गेली. मार्चमध्ये त्याने पॅसिफिक बघितला, आणि आता तो किनाऱ्याजवळच्या एका डब्यात पुढच्या माणसाची वाट बघतो आहे. माझी पितळी डबी मात्र त्या ढोलीतून केव्हाच कोणीतरी नेली. बदल्यात काय ठेवलं ते वहीत लिहिलेलं नाही.